स्टेशनवरचा जुना पूल

आज सकाळी दारावर तुरीच्या शेंगा आल्या. गाडी ढकलणारी बाई म्हणाली, "घ्या ना वो बाई, दर्यापूरकडचा माल हाय. दाणा पाहा कसा भरला." मी दाणा पाहिला नाही, नुसती पिशवी पुढे केली. घरात येऊन शेंगा परडीत ओतल्या आणि तो वास आला. हिरवा, ओलसर, जरासा तुरट. थंडीत आमच्या वऱ्हाडात हा वास घराघरांतून येतो. तुरीच्या कोवळ्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. त्यांची वांग्यासोबत भाजी होते, भात होतो, कचोरी होते, आणि काहीच करायचा कंटाळा आला तर मीठ घालून उकडलेल्या शेंगा असतातच. व्हरांड्यात उन्हाला पाठ देऊन बसले, पहिली शेंग अंगठ्याच्या नखाने उघडली आणि हात थांबला. वर्ष झालं, तरी थांबला.

मागच्या वर्षी याच दिवसांत मला एक धक्का बसला. धक्का म्हटलं की लोकांना वाटतं, एकदा बसतो आणि मग ओसरतो. माझा तसा नाही. तो मधेच केव्हातरी, भाजी निवडताना, केस विंचरताना, पुन्हा पहिल्यासारखा बसतो.

मी चांदूर रेल्वेच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि राहायला होते मोठ्या शहरात. शहराचं नाव लिहीत नाही. अकोल्याच्या माणसाने ते अकोला समजावं, अमरावतीच्या माणसाने अमरावती. मी त्याला हरकत घेणार नाही. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायचं. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. "बाई काय करतात?" "अपडाऊन करतात." जणू शिकवणं हे त्या दोन गाड्यांच्या मधे होणारं किरकोळ काम होतं.

पण खरं सांगायचं तर मला त्या वर्षांतलं शिकवणं फारसं आठवत नाही, गाडी आठवते. खिडकीच्या गजांचा थंडगार स्पर्श. बाहेर काळी जमीन, तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस, आणि मधे मधे तुरीच्या उंच ओळी, वाऱ्यावर कोरड्या शेंगांचा खुळखुळ आवाज करणाऱ्या. मालधक्क्यावर अकोटकडून आलेल्या रुईच्या गाठी रचलेल्या असायच्या आणि कुंपणाच्या तारांना कापसाचे पुंजके अडकून राहायचे. बायकांच्या घोळक्यात कोणी स्वेटर विणायचं, कोणी पेपर तपासायचं, आणि थंडी पडली की सगळ्याजणी सोले काढायच्या. घरी पोचेपर्यंत भाजीची तयारी झालेली.

रंजना मला तिथेच भेटली. ती तहसील कार्यालयात कारकून होती. पहिल्याच दिवशी तिने ओळखदेख नसताना माझ्या ओटीत शेंगांचा ढीग टाकला आणि म्हणाली, "रिकामी बसली तं सोल ना वो." मी सोलायला लागले, ते पुढची कितीतरी वर्षं सोलतच राहिले. तिचे मिस्टर, भास्करराव, तिला सकाळी स्कूटरवरून स्टेशनवर सोडायचे आणि मला लांबूनच हात जोडायचे. माझं त्यांच्याशी कधी चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नाही.

एका थंडीत ते गेले. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होते. परत आले तेव्हा दिवस होऊन गेलेले होते. रंजना भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "कसं झालं गं?" ती म्हणाली, "अटॅक आला. दवाखान्यात नेता नेता गेले." मी तिचा हात हातात घेतला, आणखी काही विचारलं नाही. अशा वेळी खोदून विचारायचं नसतं, एवढी रीत मला ठाऊक होती.

महिनाभराने ती कामावर आली आणि आमचं अपडाऊन पुन्हा सुरू झालं. संध्याकाळची पॅसेंजर स्टेशनच्या अगदी पलीकडच्या फलाटावर लागायची. त्या बाजूला मालधक्क्याची भिंत, बाहेर पडायला वाट नाही. गावात यायचं तर जुना लोखंडी पूल चढायचा. इंग्रजांच्या वेळचा तो पूल, उभ्या अरुंद पायऱ्यांचा, पायऱ्यांच्या कडा पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. त्याच्या मधोमध जरा रुंद जागा होती. तिथे पोचलं की रंजना थांबायची, कठड्यावर हात ठेवायची आणि रुळांकडे बघत राहायची. पूर्वी ती थांबत नसे. मला वाटलं, गुडघे दुखत असतील, वय झालंच आपलं. मीही थांबायची. पश्चिमेला रुळांच्या टोकाशी सूर्य लाल व्हायचा, सिग्नलचे दिवे लागायचे, खालून मालगाडी गेली की सगळा पूल पायांत थरथरायचा. मी तिला शाळेतल्या गमती सांगायची. कुणी निबंधात काय लिहिलं, मुख्याध्यापक कुणावर कसे ओरडले. ती हसायची. मग म्हणायची, "चाल आता," आणि आम्ही उतरायचो. आमची दोघींची निवृत्ती होईपर्यंत हे चाललं.

मागच्या वर्षी पेपरात चित्र आलं. नव्या स्टेशनचं. मी चहाचा कप हातात घेऊन ते चित्र बघत बसले आणि चहावर साय धरली. दर्शनी भागातली दगडी कमान नाही, तिकीटघराची उंच छपराची खोली नाही, फलाटावरचे लाकडी बाक नाहीत, पूल तर नाहीच. सगळं पाडून तिथे काचेची एक लांबलचक पेटी. आत दुकानं, खाण्याचे गाळे, सरकते जिने. चित्रातली माणसं सडपातळ होती आणि चाकांच्या बॅगा ओढत हसत चालली होती. एकाही माणसाजवळ गाठोडं नव्हतं.

सगळं शहरच हादरलं होतं. भाजीबाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत एकच विषय. "आपलं स्टेशन? हे?" असं म्हणून लोक चित्रावर बोट ठेवायचे. मग तट पडले. तरुण म्हणायचे, होऊ द्या, नाहीतर आपण जन्मभर मागासच राहणार. आमच्या वयाचे म्हणायचे, गावाचा चेहराच खरवडून काढताय तुम्ही. माझे मोठे दीर आणि त्यांचा मुलगा याच गोष्टीवरून ताटावर भांडले आणि दोघंही अर्धपोटी उठले. माझ्या व्हरांड्यात निवृत्त लोकांच्या बैठका सुरू झाल्या. रेल्वेने लोकांचं म्हणणं ऐकायला एक सभा ठेवली होती, तिथे बोलायचं काम सर्वांनी माझ्यावर टाकलं. मराठीच्या बाई म्हटल्यावर ते ओघानेच आलं.

त्या सगळ्या बैठकांना रंजना यायची. चहा करायची, कोपऱ्यात बसून शेंगा सोलायची. बोलायची मात्र नाही. मी एकदा विचारलं, "तूही बोलशील ना सभेत?" तिने शेंगेतून मान वर केली नाही. "पाहू," म्हणाली.

सभेच्या दिवशी सभागृह भरून गेलं होतं, लोक भिंतींना टेकून उभे होते. आधी त्यांनी पडद्यावर नकाशे दाखवले. मग माझं नाव पुकारलं. मी चांगलं बोलले, आजही म्हणेन. दगडी कमानीबद्दल बोलले, दसऱ्याला नागपूरला निघालेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेल्या फलाटाबद्दल बोलले, रुईच्या गाठींबद्दल बोलले. आणि शेवटी पुलाबद्दल. म्हणाले, "त्या पुलाच्या मध्यावर मी आणि माझी मैत्रीण रोज संध्याकाळी थांबायचो. दिवसभराचा शीण तिथे गळून पडायचा. आमच्या दोघींच्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर जागा आहे. ती तुम्ही कुठल्या नकाशात दाखवणार?"

टाळ्या थांबेचनात. मी खाली येऊन बसले तेव्हा कान गरम झाले होते. शेजारची खुर्ची रिकामी दिसली. वर पाहिलं, तर रंजना मंचाकडे चालली होती.

तिने ध्वनिक्षेपक तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे पहिले दोन शब्द नुसते घरघरले. मग स्पष्ट ऐकू आलं.

"मी रंजना. तहसील हापिसातून रिटायर झाली. आता ज्या बाई बोलल्या, त्या मायी मैत्रीण होय. त्यायनं सांगतलं ते खरं हाय. आमी दोघी रोज त्या पुलावर थांबत होतो." ती थांबली. "मी काऊन थांबत होती, ते मातर तिले माईत नाई."

सभागृहात कोणीतरी खोकलं.

"तठी माये मिस्टर गेले. आमी नागपूरहून लग्नावरून येत होतो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागली अन् त्यायच्या छातीत दुखाले लागलं. बाहेर दवाखान्याची गाडी उभी होती, मले वरून दिसत होती. पन तठलोक, त्या गाडीपर्यंत, न्यावं कसं? तिकडून वाट नाई. चार जनायनं त्यायले चादरीत घेतलं अन् पूल चढाले लागले. पायऱ्या अशा उभ्या, का मानूस आडवा राहतच नाई, घसरते. पुलाच्या मधात पोचलो, अन् ते गेले. गाडी दिसत होती मले. अजूनबी दिसते."

तिचा आवाज कुठेच फाटला नाही. तहसीलमधली एखादी नोंद वाचून दाखवावी तसं ती बोलत होती.

"दगडाची कमान ठेवा नाईतर ठेवू नका, मले त्याचं काई नाई. पन तो पूल पाडून टाका. आजच्या आज पाडता आला, तं आज पाडा."

टाळी एकही वाजली नाही. मंचावरच्या साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. माझ्या कानांत माझंच वाक्य वाजत होतं. सर्वांत सुंदर जागा. शेकडो लोकांसमोर, तिच्यादेखत, मी त्या जागेला हे म्हटलं होतं. आणि ती त्याआधी कित्येक वर्षं माझ्याकडून त्याच जागी मुख्याध्यापकांच्या नकला ऐकत होती! "नेता नेता गेले" हे तिने मला सांगितलं होतं की. मी ते शब्द दवाखान्याच्या गाडीत बसवून टाकले होते. ते पुलावर बसलेले होते.

रंजना मंचावरून उतरली आणि मागच्या दाराने निघून गेली. मी उठून तिच्यामागे जायला हवं होतं. उठताच येईना.

नंतर मी अपडाऊनवाल्या जुन्या बायकांना फोन करून विचारलं. त्यांतल्या दोघींना सगळं ठाऊक होतं. "अवो, तुमाले माईत नोतं?" त्यांनी उलट मलाच विचारलं. "आमाले वाटे, तुमी म्हनूनच तिच्यासंगं थांबता." हाही एक धक्काच होता. माझ्या अज्ञानाला लोक इतकी वर्षं माया समजत आले होते.

बरेच दिवस माझ्याने तिच्या घराकडे पाऊल टाकवलं नाही. शेवटी एका दुपारी गेले. समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी भास्कररावांचा फोटो, त्याला ताज्या शेवंतीचा हार. रंजना अंगणात बाजेवर पाय पसरून बसली होती. मला पाहून सरकली, जागा केली, आणि आत बघून सुनेला म्हणाली, "चहा मांड वो, बाई आल्या."

मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तोंडातून निघालं भलतंच. "काऊन नाही सांगितलंस मला?"

"सांगतलं असतं तं काय केलं असतं तू?" ती म्हणाली. "रडली असती. मले धरून खाली नेलं असतं. अन् दुसऱ्या दिवशीपासून म्हनली असती, रंजना, आपन त्या गाडीनं येऊच नाई, बसनं येऊ."

खरं होतं. मी अगदी हेच केलं असतं.

"मले तठी थांबाचं होतं. एकटीनं थांबाची हिंमत नोती. तू आपली शाळेतल्या गमती सांगे. मी हासे. मले वाटे, हेबी आयकत असतीन." तिने पदराने गुडघ्यावरची धूळ झटकली. "तुया गमतीवर त्यायले हासू आलं असतं. त्यायले असं लय आवडे."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. मग मी विचारलं, "इतकी तुला ती जागा हवी होती, तर पाडायला का सांगितलंस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या एखाद्या ढ मुलीकडे पाहायची. "मले पाहिजे म्हनून ठेवाचा का तो पूल? उद्या आनखी कोनाचा मानूस तठीच जाईन ना."

घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं तेव्हा मला माझी गल्ली सांगता आली.

पूल या दिवाळीनंतर पाडला. मी एकटीच बघायला गेले होते, ती आली नाही. गॅसने लोखंड कापत होते, ठिणग्या उडत होत्या. क्रेनने मधला भाग उचलून खाली ठेवला तेव्हा तो किती लहान दिसला! आमच्या अंगणातल्या ओट्याएवढाच. वर नुसतं आभाळ उरलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते वेगळंच काहीतरी, छातीवरून कुणी दगड उचलावा आणि तरी श्वास नीट घेता येऊ नये, तसं.

पण त्याच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडावर, रेल्वेची दुसरी सभा झाली होती. ती सांगायलाच हवी. पहिल्या सभेनंतर नकाशा बदलला होता. दगडी कमान वाचली होती, तिच्यामागे काचेची इमारत उभी राहणार होती. दोन्ही तट खूश होते. आमच्या व्हरांड्यातल्या मंडळींना वाटत होतं, मी आता आभाराचं एक छानसं भाषण करीन. पुलाच्या जागी सरकते जिने आणि लिफ्ट येणार, म्हणजे रंजनाचंही समाधान झालं, असं तेही म्हणत होते.

रंजनाला मी आग्रह करून सोबत नेलं होतं. पडद्यावर लिफ्टचं चित्र आलं. स्वच्छ, चकचकीत, काचेच्या दाराची. आत दोन हसणारी माणसं उभी. मी ते चित्र बघत होते आणि मला ती चादर आठवली. मी हात वर केला. भाषण लिहून आणलं नव्हतं. जन्मभर वापरलेले सगळे सुंदर शब्द त्या क्षणी कुठे गेले कोण जाणे, माझ्या तोंडून आमच्या गावची बोली आली.

"साहेब, या लिफ्टमंदी मानूस उभा दिसून राहिला. आडवा न्याचा असला तं कुठून न्याचा, ते दाखवा."

पडद्याशेजारी तरुण अभियंता होता, गुणी असावा. टेबलावर पसरलेल्या नकाशावर वाकला. त्याचं बोट पलीकडच्या फलाटापासून निघालं, लिफ्टपाशी आलं, थांबलं, मागे फिरलं. सरकत्या जिन्यापाशी गेलं, तिथेही थांबलं. मग मालधक्क्याच्या भिंतीकडे वळलं. सगळं सभागृह त्याच्या बोटाकडे बघत होतं. स्टेशन ठेवा म्हणणारे आम्ही, पाडा म्हणणारे ते, महिनोन् महिने भांडलो होतो, आणि ही एक गोष्ट दोन्हीकडच्या कुणाच्याही डोक्यात आलेली नव्हती. त्याने मान वर केली. चेहरा उतरला होता. "मॅडम," तो म्हणाला, "ते राहिलंय."

आता मालधक्क्याची भिंत फोडून तिथून थेट रस्त्यापर्यंत रुंद उतार बांधून राहिले आहेत. दवाखान्याची गाडी फलाटापर्यंत येऊ शकेल असा. काम हळू चाललं आहे, पण चाललं आहे. मी आठवड्यातून एकदा जाऊन बघते.

त्या सभेनंतर आम्ही दोघी रिक्षाने घरी निघालो. उन्हं कलली होती, रस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या लागल्या होत्या. रंजना त्या गाड्यांकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "तुले सांगू? पुलावर नेत होते ना, तवा ते बोलत होते."

इतक्या वर्षांत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"क्विंटलभराचा मानूस तो. अन् ते चौघं अनोळखी पोट्टे, घामानं निथळून राहिलेले. तर हे त्यायले म्हनतात, 'मी लय जड हाव ना बाप्पा?' इकडे जीव चालला अन् याले लाज वाटून राहिली! तं त्यातला एक पोट्टा, दम लागलेला, बोलताबी येईना त्याले, तो म्हने, 'नाई जी काकाजी, फुलासारखे आहा तुमी.'"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा थरथरला. "फुलासारखे!" ती म्हणाली, आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मलाही आवरेना. आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो, की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून विचारलं, "काय झालं वो मावशी?"

"काई नाई रे बाबा," रंजना डोळे पुसत म्हणाली. "आमच्या ह्यायचं बोलून राहिलो."